पहिला खडा फोडू नये

आमच्या खाणीमागच्या घळीत चार हात जाडीचा कोळशाचा थर खरोखर आहे की नाही, हे डोळ्यांनी बघून यायला आम्ही तिघे त्या मंगळवारी सकाळी निघालो. थर असला तर खाण आणखी वीस वर्षं चालणार होती. नसला, तर शनिवारी दुपारी बाराच्या आत वसाहतीत परत पोचून चाळीस घरांना तसं सांगायचं होतं. बारा वाजून एक मिनिट झालं तरी उपयोग नव्हता.

ते चाळीस घरांचं आधी सांगतो. आमचा जुना थर संपत आला होता. कचेरीनं फळ्यावर कागद लावला: नव्या गावात चाळीस घरं बांधली आहेत, घरासोबत कारखान्यात काम. ज्यांची नोकरी जास्त वर्षांची, त्यांचा हक्क आधी. ज्याला हवं त्यानं शनिवारी बारापर्यंत अर्ज द्यावा. अर्ज दिला की खाणीवरचा हक्क संपला. यादीतले पहिले चाळीस जण लगेच अर्ज देणार होते. मीही त्यांतलाच, माझा नंबर अडतीस. पण मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "कुणी अर्ज देऊ नका. घळीत नवा थर आहे. माझा शब्द." आणि एकानंही दिला नाही.

खाणीत मी छताला लाकडी टेकू लावायचो, म्हणून मला सगळे टेकूदादा म्हणत. ज्याच्या टेकूखाली तीस वर्षं माणसं जिवंत राहिली, त्याच्या शब्दाखाली ती उभी राहिली, यात नवल नव्हतं.

माझ्या शब्दाखालचा टेकू मात्र माझा साडू होता.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. आम्ही दोघे एकाच दिवशी खाणीत उतरलो आणि जोडीनंच काम केलं. एकदा छत कोसळलं तेव्हा त्यानं मला ढकलून बाहेर काढलं आणि स्वतःचा पाय मोडून घेतला. तेव्हापासून तो डाव्या पायानं किंचित लंगडतो. त्या माणसानं एका संध्याकाळी माझ्या दारात कोळशाचं पोतं टेकवलं आणि म्हणाला, "साडू, घळीत तिसऱ्या वळणावर सापडला. बघ, कसा चमकतोय!" मी एक खडा हातात घेतला. चमकत होता खरा. पण फोडून बघितला नाही.

आम्हा खाणवाल्यांत तसा नेमच आहे. नव्या जागेचा पहिला खडा फोडायचा नाही. आधी थराला हात लागला पाहिजे, मग खडा. नाहीतर थर रुसतो म्हणतात. म्हाताऱ्यांनी सांगितलं, आम्ही पाळलं.

तिसरी होती दगडवाली बाई. कचेरीनं शहरातून पाठवलेली, दगडांचं शिक्षण घेतलेली, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. गळ्यात भिंग, कमरेला हातोडी. निघतानाच तिनं पोत्यातला खडा मागितला आणि हातोडी उचलली. आम्ही दोघे एकदमच ओरडलो, "अहो बाई, नाही!"

"का? चावतो का?"

"पहिला खडा फोडत नाहीत," साडू म्हणाला. "परत पाठवीन तुम्हाला इथूनच."

ती हसली. खडा फडक्यात गुंडाळून तिनं पिशवीत टाकला. "बरं. तुमच्या देशात तुमचे कायदे."

घळीच्या तोंडाशीच दलदल होती. काळं पाणी, वर शेवाळाची जाड गादी, पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत! मी पुढे काठीनं चाचपत होतो, मागे बाई, तिच्यामागे साडू. अर्ध्या वाटेवर बाई थांबली. तिनं हात कोपरापर्यंत चिखलात घातला आणि मूठभर काळपट लगदा वर काढला. त्यात देठ दिसत होते, मुळं दिसत होती, एक अख्खं पानसुद्धा.

"काका, हा तुमच्या कोळशाचा पाळणा," ती म्हणाली.

"हा? हा तर कुजका पाला."

"कुजला असता तर राहिलाच नसता. साचलेल्या पाण्यात खाली हवा पोचत नाही. म्हणून झाडं पडतात, बुडतात, पण धड कुजत नाहीत. त्यांच्यावर आणखी झाडं पडतात. मग नदी चिखल आणून वर पसरते. चिखलावर वाळू, वाळूवर पुन्हा चिखल. वरचं वजन खालच्याला दाबतं, पाणी पिळून काढतं. जितकं खोल तितकी उष्णता. आधी त्याचा तपकिरी कोळसा होतो. आणखी खोल गेला, कोट्यवधी वर्षं दबला आणि तापला, की काळा आणि चमकदार."

साडू मागून म्हणाला, "म्हणजे तीस वर्षं आम्ही पालापाचोळाच उपसला की! बायकोला सांगितलं पाहिजे. ती अंगण झाडते तेव्हा मी तिला काम म्हणत नाही."

आम्ही तिघेही हसलो. तो नेहमी असा हसवायचा.

बुधवार वाया गेला. साडू म्हणाला, डावीकडून जवळ पडतं. आम्ही डावीकडून गेलो. चार तास कडा चढलो आणि वर पोचलो तर पुढे नुसता तुटलेला सुळका! खाली उतरायला आणखी चार तास. "पाऊलवाट दिसत होती रे मागच्या वेळी," तो डोकं खाजवत म्हणाला. पाऊलवाटा पावसात वाहून जातात. मी मान डोलावली.

संध्याकाळी उतरलो तिथं घळीच्या भिंती करड्या होत्या आणि त्यांत शिंपले रुतले होते. शेकडो शिंपले! एका चपट्या दगडात बोटाएवढा मासा होता, काटा न काटा मोजून घ्यावा असा. समुद्र तिथून इतका लांब, की आमच्यातल्या कुणी तो पाहिलेलाही नव्हता.

"इथं समुद्र होता," बाई म्हणाली. "आणि शिंपले आणि मासे ही त्यातली मोठी मंडळी. डोळ्याला न दिसणारे जीव त्यांच्या कोट्यवधी पट होते. ते मरून तळाच्या गाळात पडत राहिले. झाडांचा कोळसा झाला, या बारक्या जिवांचं तेल आणि वायू झालं. वास येतोय?"

येत होता. कंदिलाच्या टाकीसारखा. एका डबक्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता आणि तळातून बुडबुडे येत होते. बाईनं खिशातून काडेपेटी काढली आणि आम्हाला काही कळायच्या आत काडी ओढली!

मी आणि साडू धाडकन पालथे पडलो. डोकं हातांत, तोंड मातीत. खाणीत वायूजवळ काडी ओढणारा माणूस दुसऱ्यांदा ओढायला उरत नाही.

काही झालं नाही. मान वर केली तर पाण्यावर वीतभर निळी ज्योत नाचत होती आणि बाई पोट धरून हसत होती. "उघड्यावर आहोत आपण, काका! छत कुठंय?"

छत नव्हतं. आम्ही मात्र छत आपल्याबरोबर घेऊन हिंडत होतो. दुसऱ्या दिवशी तेच आमच्या जिवावर उठलं.

गुरुवारी सकाळी कोळसा सापडला. मी किंचाळलोच! भिंतीत पुरुषभर उंचीवर गडद पट्टा होता. मी धावत जाऊन हात लावला. पण हाताला तो ओळखीचा लागला नाही. तपकिरी होता, मऊ होता, नखानं सोलत होता. एका जागी तर झाडाचा अख्खा बुंधा आडवा पडलेला, सालीसकट, आतली वर्तुळं मोजता येतील असा.

बाईचा चेहरा उतरला. "हा कच्चा आहे. फार खोल गेलाच नाही कधी. चुरा होईल, ओला जळेल. यासाठी कुणी खाण काढणार नाही."

"हा नव्हेच तो!" साडू घाईनं म्हणाला. "आपला पुढे आहे. त्या लाल कड्याच्या वर. चला, चला."

लाल कडा पाहून बाई थबकली. विटेसारखे लाल, भाजलेले दगड. त्यांच्या फटींतून वाफ येत होती आणि हवेला गंधकाचा वास होता. "खाली थर जळतोय," ती म्हणाली. "कच्चा कोळसा आपोआपही पेटतो. मग वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहतो. वरची माती अशी भाजून निघते. दोरी बांधू या."

आम्ही एका दोरीला तिघांनी स्वतःला बांधलं. पुढे साडू, मध्ये बाई, मागे मी. डोक्यावर कड्याचा पुढे आलेला भाग होता. मी काठीनं त्याला ठोकत, कान देऊन ऐकत चाललो. ठोकल्यावर दगड खणखणला तर पक्का, ढबढब वाजला तर सुटलेला. तीस वर्षांची सवय. छत खणखणत होतं. मी ओरडलो, "पक्कं आहे! चला बिनधास्त!"

आयुष्यभर मी वर बघून जगलो. खाणीत जमीन कधी दगा देत नाही, मारतं ते छत. पण इथं कोळसा आमच्या पायाखाली होता. पायाखाली जळून त्याची राख झाली होती. आम्ही त्या राखेच्या छतावर उभे होतो आणि मी डोक्यावरचा दगड ठोकत होतो!

कर्रकन आवाज झाला. बाई दिसेनाशी झाली.

दोरीला हिसका बसला. मी आडवा पडलो, टाचा रोवल्या. भोकातून राख आणि वाफेचा लोट वर आला. खालून बाईची किंकाळी. दोन्ही बाजूंनी दोरी ताणली गेली असती तर ती मध्ये लटकून राहिली असती, ओढून काढता आली असती. पण सगळं वजन माझ्याकडेच आलं. मी भोकाकडे घसरत होतो. पलीकडून दोरी सैल होती. अगदी सैल!

"साडू! ओढ! ओढ रे!"

तो पलीकडे पक्क्या दगडावर उभा होता. हात रिकामे.

विचाराला वेळ नव्हता. माझ्या पाठीवर पहार होती. ती ओढून काढली, समोरच्या दोन दगडांच्या मध्ये आडवी कोंबली, लाथेनं ठोकली. टेकू बसला! दोरीचा वेढा पहारेला दिला आणि मग एकेक हात ओढत गेलो. आधी बाईचा हात वर आला, मग राखेनं माखलेलं तोंड. मी तिला फरफटत मागं आणलं. तिच्या उजव्या बुटाचा तळ वितळला होता. पाऊल भाजलं होतं, पण ती जिवंत होती.

साडू वळसा घालून आला. "गाठ सुटली रे," तो म्हणाला. "आपोआप सुटली."

मी दोरीचं त्याच्याकडचं टोक हातात घेतलं. पक्की गाठ सुटते तेव्हा दोरीला पीळ राहतो, टोक घासलेलं असतं. हे टोक सरळ होतं. ती सुरगाठ होती, एका झटक्यात सोडायची. आणि बाई पडायच्या कितीतरी आधी, शांतपणे बांधलेली होती.

 मी दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली.

आम्ही तपकिरी थरापर्यंत मागं आलो. बाईनं पाऊल ओढ्याच्या पाण्यात सोडलं. भिंतीचा एक तुकडा नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाली, "काका, मला एक सांगा. एका भट्टीतली एक वीट ओली आणि तिच्या शेजारची खणखणीत भाजलेली, असं होतं का?"

"नाही."

"या घळीतला सगळा दगड कोवळा आहे. इथला कोळसा जेमतेम तपकिरी झालाय. पोत्यातला तो खडा काळा आणि कठीण आहे. तसा व्हायला याच्या कितीतरी पट खोल दबावं लागतं. तो इथला असूच शकत नाही."

"बाईंना काय कळतंय," साडू म्हणाला. "पुस्तकं वाचून कोळसा सापडत असता तर मास्तर श्रीमंत झाले असते."

मी बाईच्या पिशवीतून खडा काढला. हातोडी घेतली.

"साडू, नको!" तो पुढे झाला. "थराला हात लागला नाही अजून!"

मी घाव घातला.

खडा दोन फाकांत उघडला. आत मधोमध केसाएवढी सोनेरी रेघ होती. ती रेघ मी झोपेतही ओळखली असती. आमच्याच खाणीतल्या, आमच्याच तळाच्या थराची रेघ! तीस वर्षं माझ्या दिव्यापुढे ती चमकली होती. वरून धुऊन पुसून आणलेला आमचाच कोळसा. काखेत कळसा म्हणतात तसं नव्हे, कळसा माझ्या काखेतून काढून मलाच विकला होता. आणि मी तो फोडणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसानंच.

"का?" मी विचारलं.

तो एका दगडावर बसला. बराच वेळ दुखऱ्या पायाचा गुडघा चोळत राहिला.

"माझा नंबर एकेचाळीस," तो म्हणाला. "घरं चाळीस. पाय मोडला तेव्हा सात महिने घरी होतो, ते कचेरीनं नोकरीतून वजा केले. नाहीतर मी तुझ्याबरोबरच होतो. ते सात महिने कुणापायी गेले, साडू?"

"म्हणून चाळीस घरांना फसवलंस?"

"मी कुठं फसवलं? मी फक्त तुला सांगितलं! वाटलं, तू दोघा-तिघांच्या कानावर घालशील, त्यांतला एक जण थांबेल, माझा नंबर लागेल. तू सभेत जाऊन उभा राहिलास. चाळीस जण तू थांबवलेस." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्या घराची सोय मी केलीय. मोहिमेचे कागद म्हणून तुझा अंगठा घेतला ना, त्यांत तुझा अर्जही होता. माझ्या अर्जासोबत तोही दिलाय मी. आता फक्त शनिवार जाऊ दे. आपण दोघी बहिणींना घेऊन शेजारी शेजारी राहू."

तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तो जिथं बोट ठेवायचा तिथं मी अंगठा टेकवायचो.

मला वाटलं होतं मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण मी खड्याच्या दोन फाका जुळवत तिथंच बसून राहिलो. केसानं गळा कापला म्हणतात, तो कापताना कळत नाही. कळतं ते नंतर, मान हलवायला गेलं की.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा साडू जागेवर नव्हता. तो आधी वसाहतीत पोचला तर काय सांगेल? 'थर सापडलाय, टेकूदादा मागून येतोय, थांबा,' एवढं पुरे होतं. दोरी आणि काठ्या तेवढ्या घेऊन आम्ही बाकी सामान तिथंच टाकलं आणि निघालो. भाजलेल्या पायावर माझा सदरा गुंडाळून बाई काठीच्या आधारानं चालत होती. एकदाही कण्हली नाही.

तो लंगडा, आम्ही एक जखमी आणि एक म्हातारा. दुपारी परतीच्या वाटेवरच्या एका खोल खळग्याच्या काठावर पोचलो आणि तो दिसला. खळगा ओलांडत होता. मागं वळून त्यानं आम्हाला पाहिलं, घाई केली आणि त्याचा डावा पाय घसरला. तो पडला. उठायला हात टेकवले. आणि मग हळूच, झोप आल्यासारखा, तोंडावर आडवा झाला.

"जड हवा!" मी ओरडलो. लाल कड्यातल्या जळत्या थरातून निघालेली हवा उतरत येऊन अशी खोलगट जागी पाण्यासारखी साचते. बाईनं काडी पेटवून काठीच्या टोकाला धरली आणि खाली सोडली. छातीच्या उंचीला जळत होती. कमरेला गेली आणि विझली. चालणारा माणूस वाचतो. पडलेला बुडतो.

मी दोरी घेतली.

"काका," बाई म्हणाली. एवढंच म्हणाली. पुढे तिला जे म्हणायचं होतं ते मीही मनात म्हणत होतो: याला काढलं तर याला घेऊन चालावं लागेल. शनिवारचे बारा हुकतील. चाळीस घरं.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हणालो. "वरच्या वाटेनं. लोकांना सांगा, अर्ज भरा. मी येतो."

"ते माझं ऐकतील?"

"ऐकायला पाहिजे. जा!"

छाती भरून श्वास घेतला. उतरलो. एक, दोन, तीन... पंधरा पावलं. ताठ! वाकलो की संपलो. दोरीचा फास काठीच्या टोकाला अडकवला आणि उभ्या उभ्या त्याच्या बुटाखाली सरकवला. निसटला. डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागले. पुन्हा सरकवला. फास घोट्यावर बसला! वळलो. पाय शिशाचे झाले होते. काठावर येऊन पडलो, घशातून शिट्टीसारखा श्वास आत गेला आणि मग मी ओढू लागलो. पोतं ओढावं तसा ओढला त्याला.

बराच वेळ पाठीवर थापट्या मारल्यावर त्याला खोकला आला. डोळे उघडून त्यानं मला पाहिलं.

"तू कशाला आलास?"

"माझी गाठ सुरगाठ नव्हती," मी म्हणालो. "ऊठ."

तसेच आम्ही दलदल पार करून निघालो. त्याचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्याच्या कमरेला. खाणीतून पाळी संपवून आम्ही असे कितीदा तरी वर आलो होतो. रात्रभर चाललो.

शनिवारी वसाहतीत शिरलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. कचेरीच्या ओसरीवर सगळे जमले होते. बाई पायरीवर उभी राहून बोलत होती, तिचा आवाज बसला होता. टेबलावर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा तसाच होता. सर्वांत जुनी कामगार, खाणीत जाणाऱ्यांना दिवे वाटणारी दिवेवाली मावशी, हात कमरेवर ठेवून सांगत होती, "टेकूदादाच्या तोंडून ऐकू. तुला कोण ओळखतं, पोरी?"

"थर नाही!" मी दुरूनच ओरडलो. "कधीच नव्हता! भरा अर्ज! लवकर!"

 मग एकदम गलका झाला आणि टेबलाभोवती झुंबड उडाली. कारकून घामाघूम होऊन नंबर पुकारू लागला. पाच, सहा, सात. लेखण्या कमी पडल्या. अकरा, बारा. अंगठ्याची शाई सांडली. मी साडूला पायरीवर बसवलं आणि भिंतीला टेकून राहिलो.

अडतीस नंबर आला. कारकुनानं यादीत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "टेकूदादा, तुमचा अर्ज तर तीन आठवड्यांपूर्वीच आलाय की!"

गलका थांबला.

मावशी माझ्यासमोर आली. तिच्या बोटाला अजून शाई होती. "आम्हाला थांबवलंस," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि स्वतःचा आधी भरलास?"

मी साडूकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. 'तो अर्ज मी भरला, त्याला माहीत नव्हतं.' मी वाट पाहिली. साडू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली नाडी सोडून तो पुन्हा बांधत होता.

बाई पुढे आली. "अहो, यांनी नाही, त्या..."

मी तिला हातानं थांबवलं. घड्याळात बाराला सात मिनिटं होती आणि अर्ज न दिलेले दोघे जण अजून रांगेत उभे होते. तोंडातून नाव निघालं असतं तर मारामारी झाली असती, टेबल उलटलं असतं, बारा वाजून गेले असते.

"माझं नाव खोडा," मी कारकुनाला म्हणालो, "आणि रांग चालू ठेवा."

कारकून घुटमळला. यादीवरून बोट फिरवत म्हणाला, "खोडतो. पण तुमची जागा रिकामी झाली की चाळिसावं घर पुढच्या नंबराला जातं. एकेचाळीस. ते तुमचे साडू. त्यांचा अर्ज आलेला आहे. तरी तुमचं नाव खोडू?"

साडूचा हात नाडीवर थांबला.

"खोडा," मी म्हणालो.

बाराचा भोंगा झाला तेव्हा शेवटचा अर्ज टेबलावर पडला होता.

आम्ही नवरा-बायको दुसऱ्याच गावी गेलो. मी लाकडाच्या वखारीत काम धरलं आणि वखारीच्या हिशेबनिसाकडून अक्षरं शिकलो. आता समोर आलेला कुठलाही कागद मी दोनदा वाचतो. वसाहतीतली माणसं कधी बाजारात भेटतात. मावशी भेटली तर रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिला खरं काय ते सांगावं असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी ती आधीच पलीकडे पोचलेली असते.

साडू दरवर्षी निरोप पाठवतो, या एकदा घर बघायला. बायको बहिणीला भेटायला जाते. मी तिच्याबरोबर त्या गावापर्यंत जातो, पिशवी उचलून फाटकापर्यंत नेऊन देतो, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो. खिडकीचा पडदा हलतो. तो आत असतो, मला दिसतं. हाक मात्र त्यानं अजून मारलेली नाही.